एमजीबीचा दरवाजा घासतो तेव्हा

प्रश्न : १९७० ची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) घ्यायचा विचार आहे. रंग नवा आहे, इंजिन छान चालते. फक्त एक दरवाजा मागच्या बाजूला वर घासतो. बिजागऱ्या बदलल्या की भागेल का? – वाचक, लेस्टर

उत्तर : दरवाजा उघडा, टोकाला धरा आणि वर-खाली हलवून पाहा. बिजागरीत खेळ असेल तर लगेच हाताला कळेल. खेळ नसेल तर बहुधा सिल (दरवाज्याखालचा लांब पोकळ भाग) गेले आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला छप्परही नाही, त्यामुळे वाकण्याचा बहुतेक ताण दोन सिल आणि मधला टनेल (दोन सीटमधला जमिनीचा उंचवटा) पेलतात. सिल गंजले की गाडी मधोमध बसते आणि दरवाज्याची वरची फट मिटत जाते. जॅकवर उचलताना ही फट बदलत असेल, तर नव्या रंगासाठी एक पौंडही जास्त देऊ नका.

सिल म्हणजे बाहेरून दिसणारा एकच पत्रा नव्हे. आतली भिंत, मधला उभा पत्रा, बाहेरचे सिल आणि खालची कॅसल रेल (तळाची आधारपट्टी) मिळून एक पेटी होते. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचून ओला राहतो आणि पेटी तिथून कुजू लागते. कुजक्या पेटीवर नुसते कव्हर सिल चढवून विकलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. पुढचे मडगार्ड बोल्टवर असते. विकणारा ते काढू देत असेल तर काढून बिजागरीच्या खांबाचा पाया पाहा, नाहीतर चाकाच्या कमानीतून टॉर्च मारा.

दुरुस्तीत क्रम चुकला तर बॉडी कायमची वाकडी राहते. बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी सोडवा, सीट व कार्पेट काढा, पेट्रोलची टाकी उतरवा. पुढच्या क्रॉसमेंबरखाली (इंजिनाखालच्या आडव्या तुळईखाली) आणि मागच्या स्प्रिंगांच्या टेकूंखाली आधार देऊन बॉडी समतल करा. दरवाज्याची फट आधी जुळवा, मगच बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आतून आडवा बार पक्का करा. तो असा बसवा की दरवाजा लावून पाहता येईल. एका वेळी एकच बाजू कापा. आधी कॅसल रेल व आतली भिंत, मग मधला पत्रा. बाहेरचे सिल आधी फक्त टाके मारून धरा, दरवाजा लावून फट तपासा आणि नंतरच पूर्ण वेल्ड करा. स्पॉट वेल्डच्या जागी साधारण २५ मिमी अंतराने ६ ते ८ मिमीची भोके पाडून मिग वेल्डिंगने भरा. सलग वेल्ड ओढली तर उष्णतेने पत्रा ताणतो आणि जुळवलेली फट पुन्हा बिघडते. रंगानंतर पेटीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारे मेण) मारा, पण पाणी निघायची भोके बुजवू नका.

प्रश्न : माझ्या एमजीबीला दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर आहेत. आयडलिंग खडबडीत आहे आणि पुढचे दोन प्लग काळे पडतात. – वाचक, स्लाव

उत्तर : पुढचे दोन सिलिंडर पुढच्या कार्बोरेटरवर चालतात, म्हणजे तोच जास्त पेट्रोल देतो आहे. चोक आत ढकलल्यावर जेट पूर्ण वर येते का, ते आधी पाहा. केबल ताणलेली असली की जेट खालीच अडकते. पेट्रोलची आवक थांबवणारी फ्लोटची सुईही तपासा. मग इंजिन थंड असताना टॅपेटची (झडपांची) फट ०.३८ मिमी, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट ०.४ मिमी आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) जुळवा. हे नीट नसेल तर कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नाही. (अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनावर काम केलेला मिस्त्री इथे बुजणार नाही, कारण ते आणि हे १७९८ सीसी, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी सिरीजची.)

नंतर इंजिन तापवून दोन्ही कार्बोरेटरांचा हवेचा आवाज नळीने ऐकून सारखा करा आणि जेटचा नट एका वेळी एकाच पैलूइतका (एक षष्ठांश फेरा) फिरवा. नट वर गेला की मिश्रण पातळ होते, खाली आला की दाट. कार्बोरेटरमधला पिस्टन ०.८ मिमी उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर दाट, लगेच पडला तर पातळ, क्षणभर वाढून स्थिरावला तर बरोबर.

प्रश्न : एमजीबीला ई१० पेट्रोल (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले) चालेल का? – वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : टाळा. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल ई१० आहे. इथेनॉलमुळे जुने रबर मऊ पडते आणि तडकते. जास्त ऑक्टेनचे सुपर पेट्रोल घ्या, आणि इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या घाला. इंधनपंपाजवळचा छोटा तुकडाही सोडू नका.