मशीन म्हणतं 3.4, लॅब म्हणते 2.9

प्रश्न : डॉक्टर, आईचा (वय 61) हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) चार वर्षांपूर्वी बदललाय, मेटलचा आहे, तेव्हापासून असिट्रोम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू. लॅब तालुक्याला, एका टेस्टपायी अख्खा दिवस जातो आणि तिला आता एसटीचा प्रवास झेपत नाही, म्हणून भावाने बोट टोचून आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) बघायचं मशीन आणून दिलं. पहिल्याच दिवशी मशीनवर 3.4 आणि लॅबमध्ये 2.9! खरं कोणाचं मानायचं? मेथी-पालक पूर्ण बंद केलंय, बरोबर ना? आणि मावशी म्हणते रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्यांना टेस्टच लागत नाही, मग त्या का नको?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, घाबरू नका, दोन्ही आकडे चालतील. मायट्रलच्या मेटल व्हॉल्व्हला साधारण 2.5 ते 3.5 ठेवतात (आईच्या फाइलवर तिची रेंज लिहिलेली असेल, तीच धरा) आणि मशीन-लॅबमध्ये अर्ध्या पॉइंटचा फरक पडतोच. फक्त दोन्ही टेस्ट एकाच दिवशी, काही तासांच्या आत केलेल्या हव्यात. आकडा 4.5 च्या वर गेला तर मात्र मशीनवर भरवसा ठेवू नका, डॉक्टरांना फोन करा आणि लॅबमधून खात्री करून घ्या.

चुका बहुतेक बोटाच्या होतात. कोमट पाण्याने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, हात खाली सोडून रक्त बोटात येऊ द्यायचं आणि पहिलाच थेंब लगेच स्ट्रिपला लावायचा, बोट पिळत बसलं की थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. स्ट्रिपच्या डब्यावर तापमान लिहिलेलं असतं ते वाचा, मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका.

आता खरी भीती. घरात मशीन आलं की प्रत्येक जण डॉक्टर होतो. माझ्या एका पेशंट काकांनी 2.2 बघून अर्धी गोळी जास्त घेतली, दुसऱ्या दिवशी 2.3 म्हणून परत अर्धी, असं चार दिवस, पाचव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना. आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे आकडा वहीत लिहा, आठवड्यात एकूण किती मिलिग्रॅम गोळी गेली तेही लिहा, फोटो डॉक्टरांना पाठवा, डोस ते बदलतील. गोळी संध्याकाळी असेल तर बदल त्याच दिवशी करता येतो. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल नाही.

पालेभाजी बंद करायची गरज नव्हती. तिच्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं, पण ते रोज साधारण तेवढंच गेलं की डोस त्यावर बसतो, गडबड होते ती वर्षभर काही नाही आणि थंडीत रोज मेथी या प्रकाराने. पण चार वर्षं बंद होती म्हणजे आत्ताचा डोस बिनभाजीचा आहे, म्हणून डॉक्टरांना सांगून थोडी थोडी सुरू करा आणि टेस्ट जरा लवकर लवकर करा. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल किंवा कुठलीही अँटिबायोटिक चालू झाली तरी तसंच, आणि गुडघेदुखीला मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक अजिबात आणायची नाही.

काळी शी, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर आकडा बघत बसू नका, थेट हॉस्पिटल.

मावशींचं अर्धं खरं आहे. नवीन गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण त्या मेटलच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. त्यातली डॅबिगॅट्रान अशा पेशंटना देऊन बघितली होती, गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, शेवटी ट्रायल मधेच थांबवावी लागली, 2013 मध्ये ते छापूनही आलं. शेजारच्या कोणाला त्या चालत असतील तर त्यांचा आजार वेगळा असणार.