घेण्याआधी घाट उतरवून बघ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि तू घ्यायला निघालेल्या जुन्या मोटरहोमचे, म्हणजे चाकांवरच्या घराचे, फोटो मिळाले. फोटो पाहून आनंद झाला आणि काळजीही वाटली, म्हणून फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहितोय. तू पाठवलेल्या बारा फोटोंपैकी नऊ आतले आहेत: ओटा, पलंग, लाकडी कपाटं, आई-बाबांना झोपायला उघडणारा सोफा. दोन बाहेरून, एक डॅशबोर्डचा. इंजिनाचा एकही नाही. जे बघून माणूस हो म्हणतो, तेच तुला दाखवलं गेलंय. मलाही एकदा तेच दाखवलं होतं आणि मी हो म्हणालो होतो.

2013 साली मी दहा वर्षं जुनी, 36 फुटी डिझेल मोटरहोम घेतली. चाचणी म्हणजे काय, तर इंजिन आधीच तापवून ठेवलेलं, विकणारा शेजारी बसलेला आणि सपाट फ्रीवेवर पंधरा मिनिटांची एक चक्कर. अशा गाडीला डिझेल पुशर म्हणतात, तिचं इंजिन मागे असतं, पुढे आवाज जवळजवळ येत नाही. खाली हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन. गाडी तरंगत गेली. कराडला हायवेलगत माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, ट्रकांखाली पाना धरत मी मोठा झालो, पण त्या पंधरा मिनिटांत सगळं विसरलो आणि सही केली.

त्याच वर्षी दिवाळीला लॉस एंजेलिसला जाऊन आम्ही परत येत होतो. वाटेत टेहोन पास आहे, 4,144 फूट उंचीचा, आणि तिथून उत्तरेकडे ग्रेपवाइनचा उतार. 6 टक्क्यांचा, मैलोन्मैल. एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडून गाडी रोखणाऱ्या ब्रेकचं, बटण मी दाबलं, त्याचा दिवाही लागला, पण गाडी अडेना. मग पाय ब्रेकवर ठेवला तो ठेवलाच. वास आधी तुझ्या काकूला आला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा तो वास मी लहानपणापासून ओळखतो. ड्रम तापून फुगले होते, पाय तेवढाच दाबूनही गाडी पहिल्यासारखी थांबत नव्हती. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी केलेली रेताड आडवाट समोर दिसत होती आणि तिच्यात गाडी घालायची का, हे मला दोन-तीन सेकंदांत ठरवायचं होतं. नाही घातली, कशीबशी तळाशी आणून थांबवली. मागच्या चाकांतून धूर येत होता. काकू खाली उतरून रस्त्याकडेला बसली आणि पुढची वीस मिनिटं काहीच बोलली नाही.

मेकॅनिकने सांगितलं, एक्झॉस्टमधली झडप गंजून उघडीच घट्ट बसली होती, आणि ही आजची गोष्ट नव्हती. म्हणजे मी सही केली त्या दिवशीही ती तशीच होती. एक उतार मी उतरवून बघितला असता, तर तिथेच कळलं असतं. म्हणून तुला माझं मुख्य सांगणं हे एकच आहे: ही गाडी थांबते कशी, हे बघितल्याशिवाय एक डॉलरही देऊ नकोस. बाकीच्या दोषांनी पैसे जातात. त्या गाडीत तुझे आई-बाबा बसणार आहेत.

आता कामाला लागू. आदल्या दिवशी फोन करून सांग की आम्ही पोहोचण्याआधी इंजिन सुरू करू नका. सकाळी लवकर जा. पोहोचलीस की आधी मागचं झाकण उघडून इंजिनाजवळ हात ने. कोमट लागलं तर सरळ सांग की उद्या पुन्हा येतो. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन पहिल्या हाकेला कसं उठतं, त्यातून त्याची तब्येत कळते. सुरू करताना तू आत नको, मागे उभी राहा. थंडीतला पांढरा वाफारा थोड्या वेळात विरला तर ठीक, निळसर धूर आला तर इंजिन तेल खातंय. तुझी गाडी 2009 ची, म्हणजे धुरातली काजळी पकडणारी गाळणी तिला आहे. त्यामुळे इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाच्या आतून कागदी रुमाल फिरव. गाळणी धड असेल तर रुमाल फारसा काळा होणार नाही. काळाकुट्ट निघाला तर विचार, आणि उत्तर गोलमोल आलं तर वहीत लिहून ठेव. 2010 पासूनच्या इंजिनांना लागणारं डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळं भरावं लागणारं द्रव, तुझ्या गाडीला लागत नाही, ती एक कटकट वाचली.

इंजिन चालू असतानाच तेल घालायचं झाकण सैल करून बघ. थोडी हवा येणारच, पण झाकण थडथड उडायला लागलं, धुराचा झोत आला, तर समज की इंजिन बॅक मारतंय. वडील याला बॅक कॉम्प्रेशन म्हणायचे आणि त्यावर सौदा मोडायचे. पुशरमध्ये याचा आणखी एक त्रास आहे. इंजिनाच्या श्वासनळीतून बाहेर पडणारा तेलाचा फवारा मागच्या रेडिएटरवर बसतो, त्यावर रस्त्याची धूळ चिकटते आणि जाळी आतल्या बाजूने लिंपली जाते. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, गाडी तापते मात्र चढावर. टॉर्च घेऊन पंख्याच्या बाजूने बघ.

मग एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक. हे तू स्वतः करायचंस, विकणाऱ्याला करू द्यायचं नाही. जागा सपाट हवी, चाकांखाली लाकडी ठोकळे हवेत. इंजिन चालू ठेव आणि हवेचे दोन्ही काटे वर जाताना बघ. 120-130 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास खालून मोठ्याने फुस्स होईल. तो हवेतली ओल बाहेर टाकणारा एअर ड्रायर, घाबरू नकोस. आता इंजिन बंद कर, चावी चालूच ठेव, पिवळी मूठ आत दाबून पार्किंग ब्रेक सोड. काटे स्थिरावले की घड्याळ लाव. एका मिनिटात 2 पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरता कामा नये. मग पेडल घट्ट दाबून धर, आणखी एक मिनिट. आता 3 पर्यंत चालेल. ट्रक चालवणाऱ्यांच्या परीक्षेतले हे आकडे आहेत. पाय दाबून धरलेला असताना नवऱ्याला गाडीभोवती एक फेरी मारून कान द्यायला सांग, सूं असा बारीक आवाज कुठून येतोय का.

त्यानंतर पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा खाली आण. 60 च्या आसपास भोंगा वाजलाच पाहिजे आणि लाल दिवा लागला पाहिजे. थांबू नकोस, दाबत राहा. 45 ते 20 च्या मध्ये कुठेतरी ती पिवळी मूठ टप्प करून आपोआप बाहेर येईल. हवा संपली तरी स्प्रिंगने चाकं आवळली जातात, त्याची ती खूण. मूठ बाहेर आली नाही, तर गाडी जागेवरून हलवायचीही नाही. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. विकणारा तुझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे.

रस्त्यावर काढण्याआधी रिकाम्या आवारात अर्धा तास घालव. तू 38 फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद धूड पहिल्यांदा हातात घेणार आहेस, म्हणजे लाल एसटीच म्हण ना. तुझी सीट पुढच्या चाकांच्याही पुढे असते. कारसारखं वळायला गेलीस तर मागची चाकं फुटपाथवर चढतील. कोपरा तुझ्या मागे जाईपर्यंत सरळ जायचं आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. मागच्या चाकांमागे बराच भाग लोंबता असतो, तो वळताना उलट दिशेला झुलतो. मागच्या कोपऱ्याला लागून पाण्याची बाटली उभी कर, बाहेरून नवऱ्याला बघायला सांग, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू पुढे घे. बाटली आडवी पडेल. ती पडलेली एकदा डोळ्यांनी बघितलीस की पेट्रोल पंपावर तुझ्या लक्षात राहील.

वाट तू ठरव, त्यांना ठरवू देऊ नकोस. ट्रेसीकडून 580 नंबरच्या हायवेने ऑल्टमाँटचा घाट चढायचा, लिव्हरमोरला वळायचं आणि परत उतरायचं. चढ फार उभा नाही, पण एवढ्या वजनाला पुरेसा आहे. चढताना पाय पूर्ण दाब आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेव. थोडा वर जाऊन स्थिरावला तर उत्तम, चढतच राहिला तर ती लिंपलेली जाळी आठव. माथ्यावर पवनचक्क्या आहेत, म्हणजे वारा आडवा लागणार. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. तेव्हा स्टिअरिंग किती वेळा सावरावं लागतं ते मोज. सारखं सावरावं लागत असेल तर टायरमधली हवा, अलाइनमेंट किंवा पुढच्या धुऱ्यावरचं वजन यांपैकी काहीतरी बिघडलंय. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात, आणि थकलेल्या माणसाने एवढी गाडी चालवू नये.

उतार लागण्याआधी एक्झॉस्ट ब्रेक चालू कर आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचल. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनासारखं आपसूक गाडीला अडवत नाही, त्याला धुराची वाट अडवून अडवावं लागतं. तुझ्या गाडीच्या वयाच्या इंजिनांत हे काम बहुधा टर्बोच करतो. पाय उचलताच आवाज बदलला पाहिजे, गिअरचा आकडा खाली उतरत गेला पाहिजे आणि पाठीला जाणवलं पाहिजे की मागून कुणीतरी धरलंय. लहानपणी खंबाटकीचा घाट उतरताना एसटीचा ड्रायव्हर गिअर उतरवून गाडी घुमवत न्यायचा, आठवतं? तोच आवाज. असं काहीच झालं नाही, तर पुढे कितीही गोड बोलणं झालं तरी व्यवहार तिथे थांबव. चाकाचा ब्रेकही अधूनमधून लावून बघ: ठरवलेल्या वेगापेक्षा 5 मैल खाली आणायचं आणि सोडून द्यायचं, पाय ठेवून बसायचं नाही. गाडी एका बाजूला ओढते का, हे तेव्हाच कळेल.

परत आल्यावर न्यूट्रलमध्ये उभी करून गिअरच्या पट्टीवरचे वरचा आणि खालचा असे दोन्ही बाण एकदम दाब. अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स असेल तर तो थोडा वेळ आकडे उलटे मोजतो आणि तेलाची पातळी स्वतःच सांगतो.

टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 1117 म्हणजे 2017 चा अकरावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसली तरी जुनं रबर आतून मरतं, आणि पुढचा टायर फुटला तर एवढं वजन हातात राहत नाही. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरचा आकडाही वाच, खाली वाकावं लागलं तरी. तू मोठ्या आनंदाने लिहिलंस की गाडी फक्त 19,000 मैल चाललीय. मला त्याचा आनंद नाही झाला. इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे वाळलेले होज, पट्टे आणि सील. तेल शेवटचं कधी बदललं त्याच्या पावत्या माग आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठव. तेलात कूलंट उतरतंय का, धूळ जातेय का, हे तिथे कळतं. नमुना घेण्याआधी तेल बदललं तर मात्र त्याचा उपयोग नाही, हे त्यांना आधीच बजाव.

घराचा भाग मी थोडक्यात आटोपतो, तुला तो माझ्याहून चांगला कळतो. जनरेटर लावून दोन्ही एसी अर्धा तास एकदम चालव. स्लाइड, म्हणजे गाडी उभी असताना बाजूला सरकवून खोली रुंद करायचा भाग, पूर्ण बाहेर काढून आत घे, कोपऱ्यातला गालिचा हाताने दाबून ओल बघ. छतावर जायला शिडी माग. दाराजवळच्या स्टिकरवर किती सामान भरता येईल ते लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढ. 100 गॅलन पाणीच 830 पौंड भरतं, हे धरून हिशेब कर.

लायसन्सचं सांगतो: कॅलिफोर्नियात 40 फुटांपर्यंत तुझं साधं लायसन्स चालतं. त्यापुढे वेगळं नॉन-कमर्शियल क्लास बी लागतं. तेवढ्याच पैशांत 42 फुटी देतो असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेव. चाचणीत काही आपटलं तर विमा कुणाचा, हेही चावी घेण्याआधी लेखी विचार.

त्या दिवशी सही करायची नाही. 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' असं सांगतील. येऊ दे त्याला. एवढ्या गाड्या विकायला उभ्या आहेत की हिच्यासारखी दुसरी मिळेल. तुला ही आवडलीय, मला माहीत आहे. बाबांना यलोस्टोन दाखवायचं तुझ्या किती दिवसांपासून मनात आहे, तेही माहीत आहे. म्हणूनच हे सगळं लिहिलं.

मी शनिवारी येतोय. सकाळी सातला तुझ्या दारात असेन, टॉर्च आणि ठोकळे माझ्याकडे आहेत. ऑल्टमाँटच्या फेरीत मी आधी मागे पलंगावर बसेन, कुठे काय खडखडतं ते ऐकायला. उतरताना तुझ्या शेजारी येईन. आई-बाबांनाही बरोबर घे आणि बाबांना दाराच्या पायऱ्या तीन-चारदा चढउतार करायला लाव. त्यांचा गुडघा काय म्हणतो ते आत्ताच कळू दे.

तुझा,
काका