खोलीत अंधार आहे: इथे ‘डार्क’ की ‘डार्कनेस’?

प्रश्न थोडक्यात असा: ‘खोलीत अंधार आहे’ याचं इंग्रजी ‘देअर इज डार्कनेस इन द रूम’ असं केलं की शिक्षक खोडतात, पण व्याकरणाची चूक दाखवत नाहीत. शिवाय ‘इन द डार्क’ आणि ‘इन डार्कनेस’ यांतलं कुठलं कधी वापरायचं?

शिक्षक खोडतात ते बरोबरच आहे. त्या वाक्यात व्याकरणाचा नियम मोडत नाही, पण रोजच्या इंग्रजीत कुणी तसं बोलत नाही. मराठीत अंधाराची वाक्यं नामावर उभी असतात: अंधार आहे, अंधार झाला, अंधार पडला, अंधार केला. इंग्रजी तेच काम विशेषणाकडून करून घेते: ‘द रूम इज डार्क’, ‘इट्स डार्क इन हिअर’, ‘इट्स गेटिंग डार्क’. भूक आणि थंडीचंही असंच आहे. ‘मला भूक लागली’ याचं ‘आय ॲम हंग्री’ होतं, ‘बाहेर थंडी आहे’ याचं ‘इट्स कोल्ड आउटसाइड’. तेव्हा मनात ‘अंधार’ हे नाम आलं की लगेच ‘डार्कनेस’कडे धावू नका, आधी ‘डार्क’ लावून वाक्य बसतंय का पाहा. बहुतेक वेळा बसतं. फक्त सुरुवातीचा ‘इट’ गाळू नका. त्याला स्वतःचा अर्थ नसला तरी इंग्रजी वाक्य कर्त्याशिवाय उभं राहत नाही.

गोंधळ वाढतो तो ‘डार्क’ हा शब्द नाम म्हणूनही चालतो म्हणून. अंधाराची भीती वाटते, अंधारात दिसतं, अंधारात बसलो, या सगळ्यांना ‘द डार्क’ लागतं: ‘अफ्रेड ऑफ द डार्क’, ‘सी इन द डार्क’, ‘सिटिंग इन द डार्क’. इथे ‘द’ हवाच. वेळ सांगताना मात्र ‘द’ जातो. ‘अंधार पडायच्या आत घरी ये’ म्हणजे ‘कम होम बिफोर डार्क’, आणि अंधार पडल्यानंतर म्हणजे ‘आफ्टर डार्क’. ‘आफ्टर द डार्क’ ही आपल्याकडची फार नेहमीची चूक आहे.

आता ‘इन द डार्क’ की ‘इन डार्कनेस’. एखाद्याला माहिती न देता ‘अंधारात ठेवणं’ ही कल्पना दोन्ही भाषांत सारखीच आहे, पण त्या अर्थी फक्त ‘इन द डार्क’ चालतं: ‘दे केप्ट अस इन द डार्क’. अंधारात तीर मारणं म्हणजे ‘अ शॉट इन द डार्क’, तिथेही ‘डार्कनेस’ नको. ‘इन डार्कनेस’ खऱ्याखुऱ्या काळोखासाठी, आणि तेही जरा लेखी थाटात: ‘द होल टाउन वॉज इन डार्कनेस’. वीज कंपनीला तक्रार लिहिताना दोन्ही टाळावेत असं मी सुचवेन. ‘वी वेअर इन द डार्क’ याचा अर्थ ‘आम्हाला काही कळवलं नाही’ असाही होतो. ‘वी हॅड नो पॉवर फॉर सिक्स अवर्स’ लिहा, शंकेला जागाच राहत नाही.

मग ‘डार्कनेस’ कुठे शोभतो? त्याची ठरलेली ठिकाणं आहेत आणि ती जोडीनेच पाठ करावीत. ‘डार्कनेस फेल’ म्हणजे अंधार पडला, पण ही वर्णनाची भाषा झाली. बोलताना ‘इट गॉट डार्क’. अचानक वीज जाऊन शहर अंधारात बुडालं, तर बातमीत ‘वॉज प्लंज्ड इंटू डार्कनेस’. अंधाराचा फायदा घेऊन चोर पळाले, तर ‘अंडर कव्हर ऑफ डार्कनेस’. कायद्याच्या भाषेत ‘अवर्स ऑफ डार्कनेस’ असतात. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या रस्ता-वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत त्याची व्याख्याच आहे: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत. मिट्ट काळोखाला ‘टोटल’, ‘कम्प्लीट’ किंवा ‘अटर डार्कनेस’. ‘व्हेरी डार्कनेस’ कधीच नाही, कारण ‘व्हेरी’ विशेषणाला लागतं. ‘पिच डार्क’मधला ‘पिच’ म्हणजे डांबरासारखा काळा चिकट पदार्थ. खेळपट्टीशी त्याचा संबंध नाही.

‘द’ लावायचा की नाही, हे शिकायला १६११ च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच पानाइतका चांगला नमुना क्वचित सापडेल. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या वचनात अंधार पहिल्यांदा येतो तेव्हा नुसतं ‘डार्कनेस’ आहे. चौथ्यात देव उजेड आणि अंधार वेगळे करतो, पाचव्यात अंधाराला ‘रात्र’ म्हणतो, आणि तिथे दोन्हीकडे ‘द डार्कनेस’ आहे, कारण वाचकाला तो आता माहीत झालेला आहे. ‘अ डार्कनेस’ सहसा नको. मात्र पुढे विशेषण किंवा खुलासा आला तर चालतं: ‘अ स्ट्रेंज डार्कनेस’.

उजेडाच्या विरुद्ध, म्हणजे अज्ञान, पाप, दुष्ट शक्ती या अर्थांनी ‘डार्कनेस’ अगदी चपखल बसतो. ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ याच्या ‘लीड मी फ्रॉम डार्कनेस टू लाइट’ या भाषांतरात तो हवाच. ‘फ्रॉम द डार्क’ तिथे हलकं वाटेल. सिनेमातल्या उदास, क्रूर छटेलाही ‘डार्कनेस’ म्हणतात. पण ‘डार्क वेब’ आणि मुंबई-पुण्यात आता सगळ्यांना माहीत झालेलं ‘डार्क स्टोअर’ यांत अंधार मुळीच नाही. पहिलं नेहमीच्या सर्च इंजिनांना दिसत नाही, दुसऱ्यात गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो, फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरल्या जातात.

काही मराठी शब्दांतला अंधार इंग्रजीत जातच नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली: ‘एव्हरीथिंग वेंट ब्लॅक’. डॉक्टरांना सांगताना हे नीट सांगा, आणि शुद्ध हरपली असेल तरच ‘आय ब्लॅक्ड आउट’ म्हणा. अमावास्येची रात्र: ‘अ मूनलेस नाइट’. अंधश्रद्धा: ‘सुपरस्टिशन’. अंधकारमय भविष्य: ‘अ ब्लीक फ्यूचर’. ढगांनी अंधारून आलं: ‘द स्काय डार्कन्ड’.

रंगाच्या बाबतीत गडद निळा म्हणजे ‘डार्क ब्लू’, फिका निळा म्हणजे ‘लाइट ब्लू’, एवढं पुरे. त्वचेबद्दल लिहिताना विशेषणच ठेवा, ‘डार्क-स्किन्ड’. सावळ्या मुलीच्या वर्णाबद्दल ‘हर डार्कनेस’ लिहिलंत, तर वाचणारा ते तिच्या मनातल्या खिन्नतेबद्दल किंवा दुष्टपणाबद्दल आहे असं समजू शकतो.