केचिकानला (अलास्का) क्रूझ थांबते तेव्हा गळाची मासेमारी करायची आहे. काय ठरवून ठेवावं?

आधी मासा ठरवा. किंग आणि कोहो या सॅमन माशाच्या दोन जाती: किंगसाठी जून, कोहोसाठी ऑगस्ट. जहाज सहा-सात तासच थांबत असेल तर चार तासांची सॅमनची फेरी घ्या. हॅलिबट (तळाशी राहणारा मोठा चपटा मासा) मिळण्याच्या जागा बहुधा लांब, जाण्यायेण्यातच वेळ सरतो. वय १६ किंवा जास्त असलेल्या प्रत्येक पाहुण्याला परवाना हवा, किंगसाठी वेगळा शिक्काही (किंग स्टॅम्प, म्हणजे जादा परवानगी). दोन्ही ऑनलाइन मिळतात. हॅलिबटची लांबीची मर्यादा आणि तो पकडायला बंदी असलेले वार दरवर्षी बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी बोटवाल्याला विचाराच. हॅलिबटला बहुतेकदा गोल वळणाचा गळ असतो: मासा ओढू लागला की झटका देऊ नका, सावकाश रीळ गुंडाळा. झटक्याने गळ तोंडातून निसटतो. बोटीत मळमळत असेल तर मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी चालत नाही.