‘नको’ म्हणायचा हक्क तेवढा विकू नकोस

अरे,

तुझा मेल आणि तुझ्या शोमधल्या कार्टून कॅरेक्टरची खेळणी काढायला त्या कंपनीने पाठवलेला कराराचा मसुदा, दोन्ही नीट वाचलं. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला तुझा वाटा, ८ टक्के घेऊ की १० साठी ताणून धरू, एवढंच तू विचारलंयस, आणि मंजुरीचं जे कलम आहे ते ‘बाकी सगळं स्टँडर्ड आहे ताई’ या एका ओळीत गुंडाळून टाकलंयस. ते स्टँडर्ड नाहीये. त्यात लिहिलंय की नमुना पाठवल्यापासून १० दिवसांत तुझं उत्तर आलं नाही तर तो मंजूर धरला जाईल. म्हणजे तू आजारी पडलास, प्रवासात असलास, मेल स्पॅममध्ये गेला, काहीही झालं तरी तुझ्या कॅरेक्टरचं वाट्टेल ते बाजारात येणार आणि कागदोपत्री ते तूच मंजूर केलेलं असणार. आधी हे उलटं करून घे. १० दिवसांत उत्तर नाही म्हणजे नामंजूर. टक्क्यांचं नंतर बघू.

पैशाची गरज आहे हे मला कळतं, दोन वर्षं पदरमोड करून एपिसोड बनवलेत तुम्ही. म्हणून पैशाचं पटकन सांगून टाकते. रॉयल्टी दुकानातल्या किमतीवर मिळत नाही, कंपनीच्या घाऊक विक्रीवर मिळते, आणि तीही ‘नेट’, म्हणजे परत आलेला माल, सवलती वगैरे वजा करून. त्या वजावटीला कमाल मर्यादा घाल, नाहीतर १० टक्क्यांचे ६ कधी झाले ते कळणारही नाही. अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नव्हे, तो तुझ्याच पुढच्या रॉयल्टीतून वळता होतो. मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेली किमान रक्कम, मात्र माल खपो न खपो द्यावीच लागते, म्हणून भांडायचंच असेल तर तिथे भांड. मध्ये एजंट असेल तर तो तुझ्या रॉयल्टीतले ३० ते ४० टक्के घेतो हे धरून चाल. हिशोब तपासायचा, म्हणजे ऑडिटचा हक्क लिहून घे. हे सगळं घासाघीस करून सुटतं, दोन पावलं तू मागे जा, दोन ते येतील.

पण ‘नको’ म्हणायचा हक्क गेला की गेला.

तीन टप्प्यांवर तुझी लेखी मंजुरी हवी: कागदावरचं डिझाइन, उत्पादनाआधीचा नमुना, आणि कारखान्यात प्रत्यक्ष लाइनवरून उतरलेला तयार माल. तिसरा टप्पा तुझ्या मसुद्यात नाहीच. आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण सुरुवातीचा नमुना सगळेच सुंदर बनवतात.

आता तू म्हणशील बाहुलीचा रंग इकडचा तिकडे झाला तर एवढं काय. मोठ्यांच्या वस्तूंचं मी एकवेळ सोडून देईन, पण लहान मुलांचं तसं नसतं रे. ते मूल तुझा एपिसोड बघून त्या चेहऱ्यावर विश्वास टाकतं, आई-बाप त्या विश्वासापोटी वस्तू घरात आणतात, आणि मूल ती तोंडात घालतं. कंपनीचं नाव कुणी वाचत नाही, त्यांना फक्त तुझं कॅरेक्टर दिसतं.

१९०३ साली बीट्रिक्स पॉटर या इंग्लिश लेखिकेने आपल्या पुस्तकातल्या सशाची, पीटर रॅबिटची, बाहुली स्वतः शिवली आणि पेटंट ऑफिसात नोंदवून घेतली. पुस्तक येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिच्या प्रकाशकाने अमेरिकेत पुस्तकाचा कॉपीराइटच घेतला नव्हता, तिथे नकली आवृत्त्या निघाल्या आणि त्यांचा पैसा तिला मिळाला नाही. पण बाहुली कशी दिसेल हे तिने दुसऱ्या कुणावर सोडलं नाही. पुढे बोर्ड गेम, वॉलपेपर, सगळ्यात तिने स्वतः लक्ष घातलं. तिने पैसे कमावलेच की, म्हणजे हक्क सांभाळायचा तर पैसा सोडावा लागतो असं काही नाही.

उलट टोकाचा बिल वॉटरसन, अमेरिकन व्यंगचित्रकार. ‘कॅल्विन अँड हॉब्स’ या त्याच्या कॉमिक स्ट्रिपची खेळणी, टी-शर्ट त्याला नकोच होते, पण सुरुवातीच्या करारात मर्चंडायझिंगचे, म्हणजे अशा वस्तू काढायचे, हक्क सिंडिकेटकडे, म्हणजे वर्तमानपत्रांना स्ट्रिप पुरवणाऱ्या कंपनीकडे, गेले होते. त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडून १९९१ मध्ये त्याला नवा करार मिळाला. तू त्याच्यासारखं सगळंच नाकार असं मी म्हणत नाहीये, तुला घर चालवायचंय. पण बघ, स्ट्रिप एवढी लोकप्रिय असूनही सुरुवातीच्या एका सहीने गेलेलं परत मिळवायला त्याला एवढी झुंज द्यावी लागली. तुझ्या हातात ती लोकप्रियता अजून नाही. तुझ्या हातात फक्त ही सही आहे.

माझं तुला अर्धंच माहितीये, तर पूर्ण सांगते. आमच्या कॅरेक्टरची सॉफ्ट टॉय निघणार होती. मंजूर नमुन्यात डोळे भरतकामाचे होते. लाइनवरून माल आला तेव्हा डोळ्यांच्या जागी चिकटवलेली प्लास्टिकची बटणं. त्यांचं म्हणणं, टेस्ट रिपोर्ट पास आहे आणि लेबलवर ३ वर्षांपुढील मुलांसाठी असं लिहिलंय. त्यांच्या हिशोबाने नियमात बसत होतं ते. पण आमचा शो दीड-दोन वर्षांची मुलं बघायची, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी सही केली नाही. सीझन गेला, त्यांनी करार पुढे वाढवला नाही, आणि त्या पैशावर ज्याचं बरंच काही अवलंबून होतं तो माझा पार्टनर, ज्याने ते कॅरेक्टर काढलं होतं, तो सोडून गेला. आमचं अजूनही बोलणं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

पण नको म्हटल्याचं वाटत नाही. लोक आजही म्हणतात की मी अडून बसले म्हणून आमचं कॅरेक्टर मोठं झालं नाही. नसेल झालं. कुणा मुलाच्या घशात ते बटण अडकलं असतं तर हेच लोक मला काय म्हणाले असते? आणि करारात तो तिसरा टप्पा नसता तर मला विचारलंही नसतं कुणी, माल थेट दुकानात गेला असता. तो हक्क कागदावर होता म्हणून मी तो वापरू शकले. त्याच कॅरेक्टरची पुस्तकं आजही निघतात, दर तिमाहीला स्टेटमेंट येतं, रक्कम मोठी नाही पण येते. मी अडेलतट्टू आहे म्हणतात, असू दे.

आणि विकूच नकोस असंही माझं म्हणणं नाही, हा गैरसमज नको. पेपा पिग ही ब्रिटिश कार्टून मालिका २००४ मध्ये टीव्हीवर आली आणि २०१५ मध्ये तिच्या तिघा निर्मात्यांनी आपल्या कंपनीचा ७० टक्के हिस्सा १४ कोटी पौंडांना विकला. अकरा वर्षांनी. तू पहिल्याच ऑफरला ‘सर्व माध्यमं, सर्व देश, कायमस्वरूपी’ असे हक्क द्यायला निघालायस, तेही एका अ‍ॅडव्हान्ससाठी. कॅटेगरी एकच दे, सॉफ्ट टॉय म्हणजे सॉफ्ट टॉय, त्यात दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या घुसवू देऊ नकोस. मुदत दोन-तीन वर्षं. मुदत संपल्यावर उरलेला माल किती महिने विकता येईल तेही लिहून घे, आणि त्या काळात नवं उत्पादन करायचं नाही हेही.

एक गोष्ट मात्र तुलाच ऐकवायची आहे. तुझ्याकडे स्टाइल गाइड, म्हणजे कॅरेक्टर नेमकं कसं दिसावं-वागावं हे ठरवून देणारी पुस्तिका, नाही! तुझं कॅरेक्टर पाठीमागून कसं दिसतं हे कुठेच काढलेलं नाही, रंगांचे नंबर नाहीत, ते काय कधीच करणार नाही याची यादी नाही. मग तू नमुना नाकारणार कशाच्या आधारावर? ‘मला बरं नाही वाटत’ म्हणून? असं नाकारलंस तर ते लगेच म्हणतील हा विनाकारण अडवतोय, आणि ‘अवास्तव कारणाने मंजुरी रोखता येणार नाही’ हे वाक्य त्यांनी मसुद्यात आधीच घालून ठेवलंय. ते काढायला लाव. नाही काढलं तर निदान सुरक्षितता आणि स्टाइल गाइड या दोन बाबतीत निर्णय पूर्णपणे तुझाच, असं घाल. बदल्यात तू ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं कबूल कर, कारण त्यांचा कारखाना थांबलेला असतो आणि त्यांची ती अडचण खरी आहे.

‘नाही म्हटलं तर ते परत विचारणार नाहीत’ असं लिहिलंयस. नाही विचारणार कदाचित. मंजुरीचं कलम बदलायला सांगितलं म्हणून जी कंपनी उठून जाते ती बटणं चिकटवणारच होती, असं मी तरी धरते. तुला हे टोकाचं वाटेल, वाटू दे.

या आठवड्यात स्टाइल गाइडची पहिली बारा-पंधरा पानं काढ, चारही बाजूंनी कॅरेक्टर, आणि मला पाठव. करार माझ्या ओळखीच्या वकिलाकडे देऊ, फीचं माझ्यावर सोड. तोवर कंपनीच्या त्या माणसाचा फोन आला तर फोनवर काहीही कबूल करू नकोस, ‘मेलवर पाठवा’ एवढंच म्हण.

तुझी,
ताई