नाव तेच राहू दे, पण आईला आधी सांग

नागपुरातल्या महालहून २६ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपासून ती सदरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमध्ये मराठी उपासनेला जाते. येत्या ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचं ठरतंय. ती चर्चला जाते एवढंच घरी माहीत आहे. मंडळीतल्या एक बाई म्हणतात, तुझं देवीचं नाव सोड आणि बायबलमधलं रूथ हे नाव घे. ऑफिसातली मैत्रीण सांगते, पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा खराच नव्हे. त्यात अनुसूचित जातीच्या दाखल्यावर एका सरकारी पदासाठी अर्ज भरलेला आहे. घरच्या महालक्ष्म्यांच्या सणात काय करायचं, हेही तिला सुचत नाही. ‘मी नेमकी कोण होणार आहे?’ असं तिनं विचारलंय.

प्रिय मुली,

बाप्तिस्म्याला नवं नाव लागत नाही. शौलाचा पौल बाप्तिस्म्यात झाला असं सर्रास सांगतात. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून बघ. त्याचा बाप्तिस्मा नवव्या अध्यायात आहे आणि शौलाला पौलही म्हणत हे थेट तेराव्यात येतं. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल ज्यांना सलाम पाठवतो, त्यांत हर्मेस आहे; हे ग्रीक देवाचं नाव. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी. नारायण नारायणच राहिले, लक्ष्मी लक्ष्मीच. त्यांची भजनं मराठी मंडळ्या आजही गातात. नाव बदललंस तर राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, पॅन, बँक असं सगळं बदलत बसावं लागेल. गुणपत्रिकेवर मात्र जुनंच नाव राहतं आणि कागदपत्र तपासणीत गाडी तिथंच अडते. टिकली-बांगड्यांचंही तेच, तुझ्या मनाला खुपत नसेल तर कुणाच्या सांगण्यावरून काढू नकोस.

पाण्याचा वाद आपल्याच गावात मिटलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यांत शिंपडणारे होते, बुडवणारेही होते, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांचं नाव, एवढं असलं की झालं. बाप्तिस्मा एकदाच होतो. मैत्रिणीच्या आग्रहाखातर पुन्हा घ्यायला जाऊ नकोस.

दाखल्याचं मात्र मनावर घे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो तुला राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाप्तिस्मा झालेल्या, नेमानं चर्चला जाणाऱ्या एका महिलेचा असाच दावा फेटाळला. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या रजिस्टरात तारखेसह होते. निवडीनंतर जात पडताळणीत ती पुढं आली तर नेमणूक रद्द होऊ शकते. हा नियम दलित ख्रिस्ती लोकांवर अन्याय करणारा आहे असं मला वाटतं, पण आज तो लागू आहे. उपासनेत एक आणि कागदावर दुसरी, असं जगून तुला स्वस्थता मिळणार नाही. इतर मागास प्रवर्गात बसता येतं का, ते समाजकल्याण कार्यालयात विचार. धर्मांतराचे सध्याचे नियम तारीख ठरवण्याआधी वकिलाकडून समजून घे. वडिलांच्या घरातला तुझा वाटा मात्र जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही.

आता आई. तिला बाप्तिस्म्याआधी, तुझ्याच तोंडून कळलं पाहिजे. सणाच्या दिवशी नको, फोनवर नको, पहिल्या खेपेला पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बरोबर नेऊ नकोस. दुपारी ती एकटी असताना सांग आणि थोडक्यात सांग: मी येशूवर विश्वास ठेवते, बाप्तिस्मा घेणार आहे, मी तुझीच मुलगी आहे. वाद घालू नकोस. ती रडेल, दोन-चार दिवस बोलणार नाही. त्या दिवसांतही घरखर्चाचा तुझा वाटा नेहमीसारखा तिच्या हातात दे. बहुतेक घरांत बिनसतं ते साक्षीवरून, म्हणजे आपण विश्वासाकडे कसे आलो हे चर्चमध्ये सर्वांसमोर सांगण्यावरून. ‘मी अंधारात होते’ असं मुलगी चर्चमध्ये बोलते, कुणीतरी व्हिडिओ काढतं, आणि संध्याकाळी तो मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. आईला त्यातून एकच ऐकू येतं: माझं घर अंधार होतं. साक्षीत घराबद्दल एक शब्दही काढू नकोस आणि फोटो-व्हिडिओ नकोत हे पाळकांना आधीच सांगून ठेव.

महालक्ष्म्यांचं तू तळमळून लिहिलंयस. सण तोंडावर येण्याची वाट न पाहता आईला सांग की सोळा भाज्या चिरीन, पुरण वाटीन, पंगतीला वाढीन. पूजेला बसणार नाही, आरती धरणार नाही. त्या दिवशी ऐनवेळी हात मागे घेतलास तर चार पाहुण्यांसमोर तिचा अपमान होईल. जेवणाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय पाळकांबरोबर वाच. मूर्ती काही नाही म्हणून अन्नानं कुणी विटाळत नाही, असं पौल म्हणतो; पण बघणाऱ्याच्या मनात घोटाळा होत असेल तर खाऊ नये, असंही म्हणतो. माझ्या मते घरच्या पंगतीत जेव. नैवेद्य दाखवलेलं पान प्रसाद म्हणून कुणी मुद्दाम समोर धरलं तर हात जोडून नको म्हण.

दाखल्याचा गुंता किंवा आईशी बोलणं ईस्टरपर्यंत उरकलं नाही, तर पाळकांना सांगून तारीख पुढं घे. पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, ईस्टरनंतर सातच आठवड्यांनी येतो.