तेलुगू अभिनेते चिरंजीवी यांचा आंध्र प्रदेशातला प्रजाराज्यम पक्ष अडीच वर्षांत का गुंडाळला गेला? सिनेमातूनच आलेल्या एनटीआरना जमलं ते त्यांना का नाही?

एनटीआरशी तुलना सगळेच करतात, पण १९८२ ची परिस्थिती वेगळी होती. काँग्रेसने पाच वर्षांत चार मुख्यमंत्री दिले होते आणि समोर दमदार विरोधक नव्हता. एनटीआरचा तेलुगू देसम पक्ष मार्चमध्ये निघाला आणि जानेवारी १९८३ मध्ये सत्तेत बसला.

२६ ऑगस्ट २००८ ला तिरुपतीत प्रजाराज्यमची घोषणा झाली, तेव्हा विरोधकाच्या जागेवर तेलुगू देसमचे चंद्राबाबू नायडू आधीच ठाण मांडून होते. म्हणजे आधी त्यांना मागे टाकायचं, मग काँग्रेसचे मुख्यमंत्री वायएसआर यांना. तेही आठ महिन्यांत. गर्दी अफाट जमली, पण बूथवर बसायला माणसं लागतात आणि ती फॅन क्लबमधून मिळत नाहीत. त्यात तिकिटं विकल्याचे आरोप झाले.

२००९ चा निकाल बघा. मतं सुमारे १६ टक्के, जागा २९४ पैकी १८, लोकसभेत शून्य. मतं राज्यभर विखुरली की बहुतेक ठिकाणी तिसरा नंबर येतो. काँग्रेसने साधारण ३६ टक्क्यांत १५६ जागा काढल्या, कारण सरकारविरोधी मतं फुटली. खुद्द चिरंजीवी तिरुपतीत जिंकले, पण मूळ गावाजवळच्या पालकोल्लूत काँग्रेस उमेदवाराकडून पडले.

पुढचा घाव तेलंगणाचा. आधी 'सामाजिक तेलंगणा' म्हणत वेगळ्या राज्याला पाठिंबा द्यायचा आणि डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने वेगळ्या तेलंगणाची घोषणा केल्यावर अखंड आंध्राची बाजू घ्यायची, यात तेलंगणातली फळी गेली. उरला तो मुख्यतः किनारी आंध्रातला, कापू समाजाच्या बळावरचा पक्ष.

नोव्हेंबर २०१० मध्ये वायएसआर यांचे पुत्र जगन काँग्रेसमधून बाहेर पडले आणि राज्यातल्या काँग्रेस सरकारला आकड्यांची धास्ती बसली. पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदार लागतात, म्हणजे १८ पैकी १२. एवढे जमवणं अवघड नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये काँग्रेसमध्ये विलीनीकरण जाहीर झालं, २०१२ मध्ये चिरंजीवींना राज्यसभा आणि मग केंद्रात पर्यटन खातं मिळालं. मतदार मात्र सोबत गेला नाही: तिरुपतीची पोटनिवडणूक त्याच वर्षी जगन यांच्या पक्षाने जिंकली.

माझ्या मते चूक सिनेमातून येण्याची नव्हती, पहिल्याच फटक्यात अख्खं राज्य लढवण्याची होती. धाकटे भाऊ पवन कल्याण यांच्या जनसेनेनेही २०१९ मध्ये जवळपास तेच केलं आणि एक जागा मिळाली. २०२४ मध्ये तेलुगू देसम आणि भाजपसोबत युतीत फक्त २१ जागा घेतल्या, सगळ्या निवडून आल्या.